पॅरालीगल व्हायचंय? आधी तारखा आणि नावं सांभाळायला शिक

प्रिय होतकरूस,

पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या कायदेविषयक मदतनिसाच्या, डिप्लोमाला नाव घातलंस, चांगलं केलंस. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असू दे. या डिप्लोमाने सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. वकिली कायदा 1961 प्रमाणे पक्षकाराच्या वतीने कोर्टात बाजू मांडणं हे सनदी वकिलाचं काम. पुढे मिरामारच्या साळगावकर किंवा मडगावच्या कारे कॉलेजात कायद्याची पदवी करायची तर तो वेगळा रस्ता. विधी सेवा प्राधिकरणाचं ‘पॅरालीगल व्हॉलंटियर’ होणंही वेगळं, ती काही पगारी नोकरी नव्हे. तरी शिकताना ते काम जरूर कर. समोरच्या घाबरलेल्या माणसाकडून सरळ हकीकत कशी काढून घ्यायची, हे वर्गात कुणी शिकवत नाही.

वर्गात कलमं पाठ करून घेतील, ती करच. पण ऑफिसात तुझी किंमत ठरते ती मुदतीच्या नोंदवहीवर. चेक न वटल्याचं प्रकरण घे. बँकेचा मेमो 3 मार्चला हातात आला, तर नोटीस 30 दिवसांत, म्हणजे 2 एप्रिलपर्यंत निघाली पाहिजे. समोरच्याला ती 10 एप्रिलला मिळाली की पैसे द्यायला त्याला 15 दिवस, म्हणजे 25 एप्रिलपर्यंत. त्यानंतर तक्रारीला एक महिना. नवशिके चुकतात ते इथेच: पंधरा दिवस नोटीस टपालात टाकल्यापासून मोजतात आणि तक्रार वेळेआधी दाखल करून बसतात. म्हणून पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रत त्याच दिवशी फाईलला लाव. दिवाणी दाव्यातही तेच. कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) 30 दिवस समन्स बजावल्यापासून धरायचे, समन्सवर छापलेल्या तारखेपासून नव्हे. कोर्ट कारण नोंदवून 90 दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

आता खास आपल्या गोव्याचं, कारण बाहेरची पुस्तकं इथे तोकडी पडतात. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलंय. वारसा आणि इन्व्हेंटरीसाठी (मृताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी करण्याच्या कोर्टातल्या कार्यवाहीसाठी) आता 2012 चा गोवा कायदा आहे. याचा टेबलावरचा अर्थ असा: वडील वारले, मागे आई आणि तीन विवाहित मुलं, तर विक्रीखतावर साधारण सात सह्या लागतात, चार नव्हे. सून किंवा जावई राहून गेला की खरेदीदाराचा वकील फाईल परत पाठवतो, आणि ती सही मिळवायला कधी लिस्बनपर्यंत कागद पाठवावे लागतात. तेव्हा कुठलंही काम हाती आलं की आधी वंशावळ कागदावर काढ. प्रत्येक नावासमोर लग्नाचा दाखला आहे की नाही, तेही लिही.

मग नावं जुळव. जुन्या खतात ‘कामोतीं’ असलेला माणूस एक-चौदाच्या उताऱ्यात (जमिनीच्या हक्कनोंदीच्या सरकारी कागदात) ‘कामत’ असतो. ती तफावत तूच आधी हेरून वकिलांना दाखवलीस तर एक व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र वेळेत होतं. 1961 पूर्वीचे कागद पोर्तुगीजमध्ये असतात. सगळी भाषा नको, पण चतुःसीमेपुरते नॉर्ते, सुल, नासेन्ते, पोएन्ते (उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम) ओळखता आले पाहिजेत. सर्व्हे नंबर नवा, खतातलं वर्णन जुनं. दोन्ही एकाच जमिनीचे आहेत का, हे सीमांवरूनच कळतं. अनुवाद मात्र जाणकाराकडूनच करून घे.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट नुसते छापून फाईलला लावायचे दिवस गेले. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे पडताळायचा संगणकी आकडा) लिहावी लागते. अशिलाला पहिल्याच भेटीत सांग: फोन विकू नको, चॅट पुसू नको.

दाखल करण्याआधी पानांना क्रमांक, अनुक्रमणिका, वकीलपत्रावर अशिलाची सही, आणि प्रतिज्ञापत्र अधिकाऱ्यासमोरच सही केलेलं, एवढं तपास. कोऱ्या कागदावर आगाऊ सह्या घेऊन ठेवायला कुणी सांगितलं तर ते ऑफिस सोड. आणि इंटर्नशिपला मोठं नाव शोधत बसू नकोस. म्हापसा किंवा मडगावात रोज दिवाणी कामं करणारं, तुला फाईल उघडू देणारं ऑफिस पाहा. पहिल्या आठवड्यात निकाली निघालेली एखादी इन्व्हेंटरीची फाईल मागून घे, पहिल्या अर्जापासून शेवटच्या हुकुमापर्यंत वाच, आणि तिच्या तारखा स्वतःच्या वहीत उतरव.

तुझा हितचिंतक