'सत्य घटनेवर आधारित' भयपटांमध्ये खरं किती असतं?

बहुतेक वेळा एखादाच धागा. एड गीनचंच बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, प्लेनफिल्ड गावात हा १९५७ साली पकडला गेला. दोन बायकांच्या खुनाची कबुली त्याने दिली. शिवाय कबरी उकरून प्रेतांच्या कातडीचे मुखवटे बनवायचा. त्याच्या प्रकरणावरून सुचलेल्या कादंबरीतून 'सायको' (१९६०) आला, 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर'ने (१९७४) मुखवटा उचलला. पण गीन टेक्सासचा नव्हता आणि यांत्रिक करवतीचा त्याच्याशी काही संबंध नाही! तरी तो सिनेमा खरी घटना म्हणूनच विकला गेला.

दंतकथांचं वेगळं. 'स्त्री'मागे (२०१८) कर्नाटकातली 'नाळे बा'ची अफवा आहे. रात्री दार वाजवणाऱ्या बाईच्या भुताला परतवायला लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या ये', लिहायचे. इथे पडताळायला काहीच नाही, त्यामुळे दिग्दर्शकाला मोकळं रान.

'कँडीमॅन'मध्ये (१९९२) दोन्ही आहे: आरशासमोर पाच वेळा नाव घेण्याची दंतकथा, आणि १९८७ मध्ये शिकागोतल्या एका इमारतीत घडलेला खरा खून. मारेकरी शेजारच्या घरातून, न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटामागच्या भोकातून आत शिरले होते. मला तर भुतापेक्षा ते कपाटच जास्त घाबरवतं.