दुरुस्ती की टोटल लॉस? सही करण्याआधी गाडी खोलून घ्या

प्रश्न : आम्ही साताऱ्याला राहतो. मिस्टर रोज गाडीने शिरवळ एमआयडीसीत जातात. गेल्या महिन्यात खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकवर गाडी आदळली. ते सुखरूप आहेत, पण गाडीचं नाक पार आत गेलं आणि दोन्ही एअरबॅग फुटल्या. पावणेचार वर्षांची, 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. पॉलिसीत आयडीव्ही (गाडीची विमा उतरवलेली किंमत) 5,20,000. झिरो डेप (भाग जुने झाल्याचा घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलेलं नाही. गॅरेजचं एस्टिमेट 4,10,000, विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरच्या मते मंजूर होतील 3,06,500. म्हणजे 1,03,500 आमच्या खिशातले. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेली की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून आयडीव्हीची रक्कम, मिळते असं ऐकलं होतं. तो मागितला तर ‘बसत नाही’ म्हणतात. वर सुचवतात की कॅश लॉस घ्या, म्हणजे दुरुस्ती न करता रोख अडीच लाख देतो, गाडी तुमच्याकडेच. एक एजंट मोडलेली गाडी 1,60,000 ला घ्यायला तयार आहे. कर्ज 2,90,000 बाकी. आजारपणासाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी आहे, एसआयपी चालू आहे, थोडं सोनं आहे. दुरुस्त करू की सोडून देऊ? क्रेनचे 6,000 दिले, ते मिळतील का?

उत्तर : आधी तुमचा राग. 4,10,000 म्हणजे आयडीव्हीच्या जवळजवळ 79 टक्के. दुरुस्तीचा खर्च 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरायची, हे तुम्ही बरोबर ऐकलंय. पण पॉलिसीत तो खर्च ‘पॉलिसीच्या अटींच्या अधीन’ मोजायचा असं म्हटलेलं असतं, आणि सगळी मेख तिथे आहे. सर्व्हेअर गॅरेजने मागितलेला आकडा धरत नाही. घसारा वगैरे वजा जाऊन कंपनीच्या अंगावर जे पडेल ते धरतो. तुमची 75 टक्क्यांची रेषा आहे 3,90,000. कंपनीच्या अंगावर पडतात 3,06,500. म्हणून ‘बसत नाही’.

तुम्ही पाठवलेल्या एस्टिमेटवरून हा आकडा कसा आला ते सांगतो, कारण पुढचा निर्णय त्यावरच आहे. पत्र्याचे आणि इतर धातूचे भाग 1,40,000 चे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला त्यावर 25 टक्के घसारा, म्हणजे 35,000 गेले. बंपर, ग्रिल, हेडलाइट आणि एअरबॅग मिळून 1,00,000. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी सरसकट 50 टक्के घसारा. एअरबॅग या यादीत आहे हे बहुतेकांना ती फुटल्यावरच कळतं. काच 20,000 ची, तिच्यावर काही कापत नाहीत. रंगकामाचे 60,000; त्यातला चौथा हिस्सा रंगाचा माल समजून त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 7,500. मजुरी 80,000 पूर्ण धरली. ऑइल, कूलंट, नट-बोल्ट असे कन्झ्युमेबल्स 10,000 चे, ते पूर्ण तुमचे. शेवटी सक्तीचे 1,000 रुपये, जे 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचे असतात. बेरीज-वजाबाकी बरोबर 3,06,500 येते. सर्व्हेअरने तुम्हाला फसवलेलं नाही.

गंमत अशी की तुमच्याकडे झिरो डेप असतं तर याच एस्टिमेटवर कंपनीच्या अंगावर 3,99,000 आले असते आणि गाडी रेषेच्या पलीकडे गेली असती. झिरो डेप म्हणजे दुरुस्तीत थोडे पैसे वाचवणारी चैन असं आपण समजतो. तुमच्यासारख्या काठावरच्या प्रकरणात ते गाडीचा निकालही फिरवू शकतं.

आता कंपनीच्या बाजूने बघा. टोटल लॉस दिला तर तिला 5,19,000 मोजावे लागतील आणि मोडलेल्या गाडीचे 1,60,000 सुटतील. निव्वळ खर्च 3,59,000. दुरुस्ती करून दिली तर 3,06,500. दुरुस्ती 52,500 ने स्वस्त पडते म्हणून ती दुरुस्तीकडे ढकलते आहे. मोडलेल्या गाडीला अडीच लाख देणारं गिऱ्हाईक असतं, तर हीच कंपनी ‘सोडा हो ती गाडी’ म्हणत तुमच्या मागे लागली असती. काही मॉडेलचे सुटे भाग हातोहात खपतात, अशा गाड्यांचे मालक दुरुस्ती मागतात आणि कंपनी टोटल लॉसचा आग्रह धरते. सर्व्हेअरशी बोलताना एवढं डोक्यात ठेवा की समोरचा माणूस तुमच्या गाडीचा विचार करत नाहीये, दोन रकमांमधली लहान कुठली ते बघतोय.

तुमच्या हातात मात्र एक गोष्ट आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. हे एस्टिमेट गाडी न खोलता, वरवर बघून केलेलं आहे. नाक आत गेलंय, एअरबॅग फुटल्यात, आणि त्यात डॅशबोर्ड नाही, स्टीअरिंग रॅक नाही, वायरिंग नाही, इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग नाहीत. शेजारच्या सीटपुढची एअरबॅग डॅशबोर्ड फाडून बाहेर येते, मग डॅशबोर्ड धड कसा राहील? गाडी खोलल्यावर पुरवणी एस्टिमेट निघणार हे गॅरेजवाल्यालाही ठाऊक असतं. पण तोवर तुम्ही दुरुस्तीला संमती दिलेली असते, जुना पत्रा कापलेला असतो, आणि अर्धवट दुरुस्त गाडीला टोटल लॉस म्हणायला कुणी तयार होत नाही.

म्हणून आज कुठल्याही संमतिपत्रावर सही करू नका. कंपनीला ई-मेल करा : गाडी पूर्ण खोलून सर्व्हेअरसमोर पुन्हा पाहणी व्हावी, सुधारित एस्टिमेट आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मिळावी, तोवर दुरुस्तीला माझी संमती नाही. फोनवर नको, लेखीच. खोलण्याची मजुरी कोण देणार हे गॅरेजकडून आधी ठरवून घ्या. गाडी दुरुस्त केली नाही तर बरीच गॅरेजं एस्टिमेटचे आणि रोजच्या पार्किंगचे पैसे लावतात, तेही विचारा.

रेषा गाठायला कंपनीच्या अंगावर अजून 83,500 यायला हवेत. निव्वळ धातूच्या भागांतून यायचे तर साधारण 1,11,000 चे जास्तीचे भाग लागतील, कारण त्यातले 25 टक्के कापले जातात. मजुरीवर घसारा नसल्यामुळे चेसिस ओढून सरळ करण्यासारखं मोठं काम निघालं तर आकडा भराभर वर जातो. पण कुणी तुम्हाला ‘एस्टिमेट फुगवून देतो, आपोआप टोटलमध्ये बसेल’ असं म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. सर्व्हेअर ते छाटतोच, आणि खोटं काही सापडलं तर अख्खा क्लेम अडकतो.

रेषा ओलांडली तर टोटल लॉस घ्या, फार विचार नको. 5,19,000 मधून बँकेचे 2,90,000 आधी जातील, उरलेले 2,29,000 तुमचे. कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती ते बँकेला विचारून ठेवा. त्या वेळी कंपनी ‘आज बाजारात या गाडीला साडेचार लाखच येतात’ असं म्हणू लागली तर हटू नका. टोटल लॉससाठी आयडीव्ही हीच बाजारभावाची किंमत, आणि पॉलिसीच्या मुदतीत तीत आणखी घसारा धरायचा नाही, असं पॉलिसीतच छापलेलं असतं.

रेषा ओलांडली नाही तर प्रश्न अवघड आहे. कॅश लॉसचे अडीच लाख आणि एजंटचे 1,60,000 मिळून 4,10,000. कर्ज फेडून हातात 1,20,000. दुरुस्ती केलीत तर अपघात झालेली गाडी बाजारात समजा 4,20,000 ची राहील. त्यातून कर्ज आणि तुमचे 1,03,500 वजा केले तर उरतात 26,500. कागदावर कॅश लॉस 93,500 ने सरस दिसतो.

पण मग मिस्टर शिरवळला जाणार कशाने? आठ लाखांची नवी पेट्रोल गाडी घेतली तर महाराष्ट्रात 11 टक्क्यांनी रोड टॅक्सच 88,000 होतो. तो फायदा आरटीओच्या खिडकीवरच संपला, वर नवं मोठं कर्ज. जुनी गाडी घेतलीत तर फायदा टिकतो, पण साडेचार-पाच लाखांत दुसऱ्या कुणाची अपघातात दुरुस्त केलेली गाडी तुमच्या गळ्यात पडणार नाही याची खात्री काय? तुमच्या गाडीला काय लागलंय हे निदान तुम्हाला माहीत आहे.

माझं मत असं. खोलल्यावर नुकसान फक्त पुढच्या भागांपुरतं निघालं, चेसिसचे पुढचे पाय, अ‍ॅप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आणि दरवाज्यापुढचा पिलर शाबूत असले, तर दुरुस्त करा आणि पाच-सहा वर्षं वापरा. विकायचीच नसेल तर बाजारभाव उतरल्याचं दुःख कशाला? पिलर किंवा चेसिस वाकलं असेल, आणि तरीही आकडा रेषेखाली राहिला असेल, तर कॅश लॉस घेऊन मोकळे व्हा. ज्या गाडीने रोज घाट उतरायचाय ती वेल्डिंग करून सरळ केलेल्या सांगाड्यावर चालवू नये. इथे माझ्यातला पैशाचा सल्लागार गप्प बसतो.

कॅश लॉसमध्ये त्या एजंटकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. गाडीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे कंपनीचे अडीच लाख बँकेकडेच वळतील आणि आणखी 40,000 भरल्याशिवाय बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) मिळणार नाही. ते मिळालं की फॉर्म 35 ने बोजा उतरवायचा, फॉर्म 29 आणि 30 ने आरसी घेणाऱ्याच्या नावावर करायची. ‘कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत त्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईसाठी मालक म्हणून तुम्हालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. मोडलेल्या गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचे उद्योगही चालतात. टोटल लॉस झाला तरी हेच. गाडी कायमची निकामी झाली असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्या. फास्टॅगही बंद करा.

नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सुटीची, हळहळ हिशोबात धरू नका. तीन वर्षांचा 35 टक्के होता, पुढे 45 झाला असता, आता शून्य. पण तुम्ही कुठलाही रस्ता घेतलात तरी क्लेम झालेलाच आहे.

पैशाचं सोपं आहे. गॅरेज कॅशलेस (कंपनी थेट गॅरेजला पैसे देते असं) असेल तर तुमचा वाटा गाडी ताब्यात घेताना भरायचाय, आज नाही. तो एफडीतून द्या. आजारपणासाठी ठेवली होती म्हणून हात लावायला नको वाटेल, पण अशा अचानक खर्चासाठीच ती असते. उरलेले 96,500 हाताशी राहतात, आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत ती पुन्हा भरून काढा. एसआयपी मोडू नका. सोनं घरात राहू द्या. गाडी गॅरेजमध्ये पडून असली तरी हप्ता चुकवू नका, बँकेला अपघाताशी देणंघेणं नसतं आणि सिबिलला तर मुळीच नाही.

कंपनीने पुन्हा पाहणी नाकारली किंवा सर्व्हे रिपोर्ट दिला नाही तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

आणि क्रेन. साध्या पॉलिसीत खासगी गाडी ओढून नेण्याचे 1,500 रुपयेच मिळतात. पावती क्लेमच्या कागदांना जोडा. बाकीचे 4,500 तुमच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर त्यातून सुटतात का, ते कंपनीला विचारा.