आज एक सांगतात, उद्या दुसरंच : कुणाचं खरं मानायचं?

प्रश्न : डॉक्टर, या नव्या आजाराच्या बातम्या सुरू झाल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे, तिला दमा आहे. आधी ऐकलं की दहातले दोन रुग्ण दगावतात. आठवड्यानं तोच आकडा निम्म्यावर आला. आधी म्हणाले, हात धुवा, वस्तू पुसून घ्या. आता म्हणतात, मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. रात्री उशिरापर्यंत मी फोनवर आकडे बघत बसते. या लोकांना खरंच काही कळलंय, की आपल्यापासून लपवतायत?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडवली आहे. लपवाछपवी होते, हे मी नाकारणार नाही. सार्स या श्वसनाच्या आजाराचे रुग्ण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नोव्हेंबर २००२ मध्ये दिसू लागले आणि जागतिक आरोग्य संघटनेला त्याची अधिकृत माहिती मिळायला फेब्रुवारी २००३ उजाडला. त्यामुळे संशय आला म्हणून स्वतःला वेडं ठरवू नका. पण आकडा बदलला की तो लपवलाच होता, असं धरून चालू नका.

मी बरीच वर्षं साथींच्या तपासणीचं काम केलं आहे. नव्या साथीत आमच्या हातात सगळ्यात आधी असते ती लाइन लिस्ट. एका रुग्णाची एक ओळ : वय, लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली, कुणाच्या सहवासात होता, दाखल कधी झाला, बरा झाला की दगावला. सुरुवातीला या यादीत कोण येतं? ज्यांची तब्येत इतकी बिघडली की त्यांना रुग्णालय गाठावं लागलं. ताप अंगावर काढून घरीच बरे झालेले तिथं नसतातच. अशा यादीवरून मृत्युदर काढला तर तो भयंकरच निघणार. २००९ मध्ये मेक्सिकोतून स्वाइन फ्लूच्या पहिल्या बातम्या आल्या तेव्हा असंच झालं. सौम्य रुग्ण मोजणीत आले तसा तो दर झरझर खाली आला.

सार्समध्ये नेमकं उलट घडलं. सुरुवातीच्या आठवड्यांत मृत्युदर ४ टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता, कारण यादीतले कितीतरी रुग्ण अजून खाटेवरच होते. त्यांचं पुढं काय होणार हे ठरायचं होतं. साथ संपली तेव्हा ८,०९६ रुग्णांपैकी ७७४ दगावले होते, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. एकच रीत, एकदा आकडा फुगवून दाखवते, एकदा कमी दाखवते. म्हणून मृत्युदर वाचला की मी आधी विचारते : यात कोण मोजलं गेलं आणि कोण मोजायचं राहिलं? तुम्हीही तेच विचारा. बातमीत त्याचं उत्तर नसेल तर त्या आकड्यासाठी रात्र जागवू नका.

आता सल्ला बदलण्याबद्दल. मला इथं मलेशियाची साथ नेहमी आठवते. १९९८ च्या अखेरीस तिथं डुकरं पाळणाऱ्या भागात लोकांना मेंदूज्वर होऊ लागला. तो जपानी मेंदूज्वर समजला गेला. तो डासांमुळे पसरतो, म्हणून धुरळणी झाली, लसीकरण झालं. तरी साथ थांबेना. रुग्णांच्या नोंदींत खुणा होत्या. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो. इथं डुकरांमध्ये काम करणारे मोठे पुरुष आजारी पडत होते. काहींनी लस घेतलेली होती. डुकरांनाही आजार झाला होता. मार्च १९९९ मध्ये चुआ कॉ बिंग या विषाणुतज्ज्ञानं एका रुग्णाच्या नमुन्यातून अगदी नवा विषाणू वेगळा काढला. तो निपाह. तिथपासून सगळा रोख डासांवरून डुकरांवर वळला, सुमारे ११ लाख डुकरं मारली गेली आणि साथ आटोक्यात आली. तोवर सुमारे २६५ लोक आजारी पडले होते, त्यातले १०५ दगावले. सल्ला तिथं बदलला म्हणूनच माणसं वाचली. जी खूण आधीच दिसत होती ती आधीच गंभीरपणे घेतली असती तर आणखी वाचली असती, हेही तितकंच खरं.

तेव्हा मला चीड येते ती बदलाची नाही, उसन्या ठामपणाची. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोव्हिड हवेतून पसरत नाही, असं छातीठोक जाहीर केलं होतं. ‘अजून पुरेसा पुरावा नाही, म्हणून तोवर हवा खेळती ठेवा’ एवढं म्हणता आलं असतं. पुढं भूमिका बदलावी लागली आणि दरम्यान लोकांचा विश्वास गेला. लोक घाबरतील म्हणून अर्धवट माहितीवर पक्कं बोलायचं, ही सवय अधिकाऱ्यांनी सोडली पाहिजे. तुम्ही विश्वास कुणावर ठेवायचा? जो माणूस आज काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि ते कोणत्या तपासणीतून कळेल, हे तिन्ही सांगतो, त्याच्यावर. दोन तज्ज्ञांपैकी एक ‘घाबरू नका’ आणि दुसरा ‘काळजी घ्या’ म्हणाला, तर त्यात विरोध नाही. दोघांनाही ‘हे कशावरून?’ विचारायचं.

रात्रीच्या आकड्यांचं एक सांगते. बहुतेक ठिकाणी आकडा दिवसातून एकदाच जाहीर होतो. तुम्ही दहा वेळा बघता तो दहा जणांनी पुन्हा सांगितलेला तोच आकडा असतो. शिवाय सुट्टीच्या दिवशी चाचण्या आणि नोंदी कमी होतात, मग आठवड्याच्या सुरुवातीला साचलेलं सगळं एकदम येतं आणि साथ उसळल्यासारखी वाटते. एका दिवसाच्या उडीवरून काही ठरवू नका, आठवड्याची सरासरी बघा. तीही दिवसा, एकदा.

आईच्या बाबतीत मात्र तुम्हाला आजच करता येईल असं बरंच आहे. दम्याचं औषध नियमित चालू राहू द्या. साथीच्या धास्तीनं तपासणी पुढं ढकलून दमा बळावलेले रुग्ण मी पाहिले आहेत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्यायच्या का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्यानं तिच्या खोलीत जायचं नाही, किंवा मास्क लावून जायचं. धाप वाढली तर कुठं न्यायचं, कुणाला फोन करायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा. आणि जे ठरवाल ते तिला विचारून ठरवा. घरातली मोठी माणसं भीतीपेक्षा आपल्याला न सांगता ठरवलेल्या गोष्टींनी जास्त खचतात.

प्रश्न : शेजारच्या कुटुंबातला मुलगा या आजारातून बरा होऊन घरी आलाय. इमारतीतली मुलं त्याच्याशी खेळत नाहीत, मोठी माणसं जिन्यात तोंड फिरवतात. माझी मुलगी विचारते, मी जाऊ का? मलाही धाडस होत नाही.

उत्तर : धाडसाची गरज नाही, तारखेची आहे. बरा झालेला रुग्ण किती दिवस संसर्ग देऊ शकतो हे आजारागणिक बदलतं. इबोलातून बऱ्या झालेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणू कित्येक महिने राहू शकतो, पण त्यांच्याशेजारी बसल्यानं, खेळल्यानं तो लागत नाही. म्हणून त्या मुलाच्या आईवडिलांनाच मोकळेपणानं विचारा : डॉक्टरांनी कधीपर्यंत वेगळं ठेवायला सांगितलं होतं? ती तारीख उलटली असेल तर मुलीला पाठवा. पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा, म्हणजे बाकीचे बघतील.

कळल्यानंतरही भीती मागं राहते, याचं मला फार वाईट वाटतं. एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत जून १९८१ मध्ये नोंदले गेले. सहवासानं, हवेतून, अन्नपाण्यातून तो पसरत नाही, हे तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं १९८३ मध्येच स्पष्ट केलं होतं. तरी १९८५ मध्ये इंडियाना राज्यात रायन व्हाइट या तेरा वर्षांच्या मुलाला शाळेनं वर्गात बसू दिलं नाही. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार होता आणि उपचारासाठी दिलेल्या रक्तघटकातून त्याला संसर्ग झाला होता. माहिती दोन वर्षं जुनी, आणि मूल घरात.

यात इमारतीचाही तोटा आहे. तपासणीला गेल्यावर दार न उघडणारी घरं मी पाहिली आहेत, खोटा पत्ता देणारे रुग्णही. त्यांना विषाणूपेक्षा शेजाऱ्यांची धास्ती होती. लोक लक्षणं लपवू लागले की आमच्या यादीत भोकं पडतात आणि साथ त्यातूनच पुढं जाते. तुमच्या जिन्यात आज या मुलाला जी वागणूक मिळतेय ती बघून उद्या ताप आलेलं घर गप्प बसेल.

प्रश्न : एका औषधाचं नाव सगळीकडे फिरतंय. घरात साठवून ठेवू का?

उत्तर : नको. मार्च २०२० मध्ये कोव्हिडवर चालेल या आशेनं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावर लोकांची झुंबड उडाली आणि ल्युपस या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराच्या रुग्णांना त्यांचं रोजचं औषध मिळेना. जूनमध्ये चाचण्यांतून कळलं की रुग्णालयात दाखल झालेल्या कोव्हिड रुग्णांना त्याचा फायदा नाही. त्याच महिन्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड उपयोगी ठरलं, पण फक्त ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांना. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा उपयोग दिसला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. म्हणजे योग्य औषधसुद्धा चुकीच्या वेळी घरात घेतलं तर महागात पडतं. विषाणूच्या आजारावर प्रतिजैविकं चालत नाहीत, त्यांचाही साठा नको. घरात थर्मामीटर ठेवा, आजार श्वसनाचा असेल तर ऑक्सिमीटर ठेवा, आणि प्रत्येकाची चालू औषधं व ॲलर्जी एका कागदावर लिहून तो दाराजवळ लावा. रुग्णाला घाईनं न्यावं लागलं की डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.