ब्रिटिश कार रिस्टोरेशन शो अमेरिकन प्रेक्षकांसाठी करताना नेमकं काय बदलावं लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘व्हीलर डीलर्स’सारखा शो ब्रिटनमधून अमेरिकेत न्यायचा तर काय बदलावं लागतं, पाउंडाच्या जागी डॉलर लिहिले की झालं ना? डॉलर लिहिण्याचं काम अर्ध्या तासात उरकतं. बाकीच्याला काही वर्षं लागली, आणि त्यात शोचा मेकॅनिक सोडून गेला.

मी टीव्हीतला माणूस नाही, आधीच सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरला अण्णांचं (वडिलांचं) गॅरेज होतं. मी पुढे नोकरीसाठी चार वर्षं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत काढली आणि आता डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. म्हणजे हा शो मी दोन्हीकडच्या सोफ्यावर बसून पाहिलाय, आणि सुट्टीत घरी गेलो की अण्णांच्या शेजारी बसूनही. तिसरा अनुभव सगळ्यात महागाचा, कारण अण्णा मध्ये मध्ये थांबवून चुका काढतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २००३ साली सुरू झालेला शो. माईक ब्रूअर हा लंडनच्या वळणाचं इंग्रजी बोलणारा गाड्यांचा व्यापारी, तो एखादी जुनी गाडी घासाघीस करून घेतो. एड चायना हा साडेसहा फुटांचा मेकॅनिक, नारिंगी हातमोजे घालून ती दुरुस्त करतो. शेवटी गाडी विकतात, हस्तांदोलन होतं आणि पडद्यावर हिशेब येतो: घेतली एवढ्याला, सुटे भाग एवढ्याचे, विकली एवढ्याला, नफा एवढा. पहिल्यांदा तो हिशेब बघून अण्णा म्हणाले, “ह्यात त्या उंच पोराची मजुरी कुठं धरलीया?” धरलेली नसते. कधीच नसते. आठवडाभर माणूस गाडीखाली झोपून काम करतो आणि हिशेबात त्याची किंमत शून्य. ही लबाडी ब्रिटनमध्ये चालली, अमेरिकेतही चालली, कुणाला बदलावीशी वाटली नाही. एडने शो सोडल्यावर मात्र मला अण्णांचं ते वाक्य आठवलं.

आता मूळ मुद्दा. ब्रिटिश शो अमेरिकेत जातो तो साधारण तीन वाटांनी. एक, तयार भाग तसेच्या तसे विकायचे. दोन, फक्त साचा विकायचा आणि माणसं तिथली घ्यायची. ‘टॉप गिअर’चं असं झालं. आधी एनबीसीने चाचणीचा भाग करून पाहिला आणि सोडून दिला, मग २०१० मध्ये हिस्टरी चॅनलवर टॅनर फाउस्ट, ॲडम फेरारा आणि रटलेज वुड या तिघांना घेऊन तो उभा राहिला. सुरुवातीला तो ब्रिटिश शोची नक्कल वाटायचा. माणसं आपापल्या स्वभावाने वागायला लागली तेव्हा कुठे बघण्यासारखा झाला. तिसरी वाट ‘व्हीलर डीलर्स’ची. माणसं तीच ठेवली आणि अख्खं गॅरेज उचलून दक्षिण कॅलिफोर्नियात नेलं. ऐकायला ही सर्वात सुरक्षित वाट वाटते.

शब्दांचा प्रश्न लोक फार मोठा समजतात. बॉनेटला तिकडे हुड म्हणतात, बूटला ट्रंक, स्पॅनरला रेंच, विंगला फेंडर. प्रेक्षक दोन भागांत सरावतो. यात गंमत आपली आहे. आपण मराठीत बॉनेट म्हणतो, डिकी म्हणतो, सायलेन्सर म्हणतो, म्हणजे गाडीच्या बाबतीत आपली भाषा इंग्रजांच्या गॅरेजात शिकलेली. ‘स्टेपनी’ तर वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आली. इथे डेट्रॉइटमध्ये मी एकदा टायरवाल्याला सवयीने स्टेपनी म्हणालो, तर तो माझ्या बायकोचं नाव समजला.

ब्रूअरच्या बोलण्याचं मात्र उलटंच झालं असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये त्या ढंगात बोलणारा सेकंडहँड गाड्यांचा व्यापारी दिसला की लोक खिसा चाचपतात. त्याचा विनोदच त्यावर उभा होता. अमेरिकेत इंग्रजी उच्चार ऐकला की समोरचा आधीच अर्धा विरघळलेला असतो. त्यामुळे घासाघीस तीच, शब्द तेच, पण तिची धार गेली. हे कुणी ठरवून बदललं नाही, आपोआप बदललं.

खरा फरक पडला हवामानाने आणि कायद्याने. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, वर वर्षभर पाऊस. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला सापडला की गाडी नापास. म्हणून ब्रिटिश शोमधली भीती नेहमी खालून येते. गाडी वर उचलली, दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आत गेला, की प्रेक्षकाच्या पोटात गोळा. कुणीतरी आधी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असतो. मग कापा, नवा पत्रा बसवा, वेल्डिंग करा. कॉव्हेंट्रीत माझ्या शेजाऱ्याची जुनी गाडी अशीच होती. बाहेरून नवरदेव, खालून चाळण.

दक्षिण कॅलिफोर्नियात पत्रा कुजत नाही. तिथे उन्हाने रंग उडतो, डॅशबोर्डला भेगा पडतात, दारांची रबरं कडक होतात. कायद्याची भीतीही वेगळी: तिथे धुराची तपासणी असते, आणि १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे १९७५ ची गाडी आणि १९७६ ची गाडी यांच्यात दिसायला काही फरक नसला तरी घेणाऱ्याच्या डोकेदुखीत भरपूर आहे. हा कथेला चांगला मसाला होता. पण गंजाचं काम साहजिकच कमी झालं, आणि गंज हाच त्या शोचा खलनायक होता. इथे एक गोष्ट मला खटकते. ‘अमेरिकन प्रेक्षक’ म्हणजे कॅलिफोर्नियाचा प्रेक्षक असं धरलं गेलं. मी राहतो त्या डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, खरोखरची, आणि आम्ही हिवाळाभर रस्त्यावर मीठच ओततो. इथल्या माणसाला दाराखालचा गंज कॉव्हेंट्रीकराइतकाच कळतो. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

वेळेचं गणितही बघा. अमेरिकी केबलवर एक तासाचा कार्यक्रम म्हणजे हातात ४२-४४ मिनिटं, उरलेल्या जाहिराती. प्रत्येक जाहिरातीआधी काहीतरी अडकवून ठेवायचं आणि परत आल्यावर आधीचं थोडं पुन्हा सांगायचं. म्हणजे त्या ४४ मधलीही काही मिनिटं उजळणीतच जातात. शिवाय तिथे गॅरेज-शोचा स्वतःचा एक साचा तयार होता. ‘अमेरिकन चॉपर’मध्ये बाप-लेक एकमेकांवर ओरडायचे. ‘ओव्हरहॉलिन’मध्ये मालकाला गाडी चोरीला गेली असं भासवून आठवड्यात ती नवी करायची, पडदा उघडायचा, मालक रडायचा. ‘फास्ट एन लाउड’मध्ये पैसा, पैज, घाई. या सगळ्यात गाडी कशी दुरुस्त झाली हे तुम्हाला कळत नाही, झाली एवढं कळतं. ‘व्हीलर डीलर्स’ मध्ये भांडण नाही, घड्याळ नाही. एक माणूस शांतपणे सांगतोय की हा बोल्ट आधी ढिला करा, पण पूर्ण काढू नका, नाहीतर स्प्रिंग तोंडावर येईल.

मार्च २०१७ मध्ये एड चायनाने व्हिडिओ टाकून शो सोडल्याचं सांगितलं. तेराव्या सीझनपासून निर्मिती मूळच्या ब्रिटिश कंपनीकडून व्हेलॉसिटी या अमेरिकन वाहिनीकडे गेली होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाहिनीला हा शो आहे त्या स्वरूपात करायला फार अवघड वाटत होता आणि गॅरेजमधल्या दुरुस्तीचा तपशील कमी करायचा होता. त्याच्या मते तोच तर शोचा प्राण. ब्रूअरवर चाहते तुटून पडले, जणू त्यानेच मित्राला काढलं. मला ते अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

लोक या प्रसंगावरून म्हणतात, अमेरिकन प्रेक्षकाला धीर नाही. माझं म्हणणं वेगळं आहे: प्रेक्षकाचा प्रश्नच नव्हता, शूटिंगच्या खर्चाचा होता. हे मला कसं कळलं, तर स्वतःच्या अंगावर.

माझ्याकडे १९७७ ची एमजीबी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा वॉटर पंप बदलताना अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवायला मी फोनवर शूटिंग केलं. नुसता पंप बदलायचा तर एका दुपारचं काम. कॅमेऱ्यासह मला दोन शनिवार-रविवार लागले. का? बोल्ट सुटतानाचा हात दाखवायचा तर हात उजेडाच्या आड येतो. दिवा हलवला तर फोन हलतो. बोल्ट एकदाच सुटतो. चित्रण हुकलं तर पुन्हा घट्ट करा, पुन्हा सोडा. एक बोल्ट डोक्यातून तुटला, तो काढण्यात रविवार गेला, आणि तो भाग व्हिडिओत फक्त ११ सेकंद आहे. शेवटी सहा मिनिटांचा व्हिडिओ झाला. अण्णांचं उत्तर आलं: “तोंड कशाला दाखवतुयास? हात दाव.”

आता हेच एका पगारी चमूने करायचं म्हणजे कॅमेरावाले, आवाजवाला, दिवेवाला सगळे एका तुटलेल्या बोल्टपाशी बसून. त्यापेक्षा ब्रूअरला कन्व्हर्टिबलमध्ये बसवून समुद्राकाठच्या रस्त्याने फिरवलं तर दुपारी जेवायच्या आत पाच मिनिटांचा मजकूर तयार, आणि दिसायलाही सुंदर. हिशेब लावणाऱ्याला दोष देत नाही मी. पण मजुरी शून्य धरलेला तो पडद्यावरचा हिशेब आणि खऱ्या निर्मितीचा हिशेब कधीतरी भेटणारच होते.

पुढचं थोडक्यात. एडच्या जागी ॲन्ट ॲन्स्टेड आला. तोही ब्रिटिशच. तो गाड्या मुळापासून बांधणारा कसबी माणूस आहे, आणि खरं सांगायचं तर गॅरेजमधलं काम लोकांना भीती होती तेवढं घटलं नाही. सुटा भाग स्वतः घडवण्याची त्याची हौस मला आवडायची. व्हेलॉसिटीचं नाव २०१८ मध्ये मोटरट्रेंड झालं. २०२० मध्ये ॲन्स्टेडही बाहेर पडला, मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक राहिलेला मार्क प्रीस्टली आला आणि शो परत ब्रिटनला गेला. म्हणजे अमेरिकेसाठी बदलून, पुन्हा घरी. मीठ, पाऊस, गंज सगळं परत मिळालं.

तुम्ही स्वतः असा काही प्रकल्प करत असाल (प्रश्नाच्या सुरावरून तसं वाटलं), तर गाडीची निवड, शहर, चलन, कायदा हे सगळं बिनधास्त बदला. अमेरिकेत डेट्रॉइटच्या गाड्या घ्या, २५ वर्षं पूर्ण झालेल्या आयात गाड्यांना नियमांतून मिळणारी सूट वापरा, त्यात भरपूर गोष्टी आहेत. फक्त हात दाखवणारी मिनिटं कापू नका. आणि सगळे भाग कॅलिफोर्नियात करू नका, एखादा ओहायो-मिशिगनमध्ये जानेवारीत करा.

शेवटी माझ्या गाडीबद्दल, कारण अमेरिकेसाठी बदलणं म्हणजे काय हे मला शोच्या आधी तिने शिकवलं. एमजीबी १९६२ ते १९८० इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनमध्ये बनली, पाच लाखांहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. अमेरिकेचे नियम बदलले: ताशी ५ मैलांची धडक सोसणारे बंपर हवेत, ते ठरलेल्या उंचीवर हवेत, धूर कमी हवा. म्हणून १९७४ च्या शेवटी क्रोमच्या नाजूक बंपरांच्या जागी काळ्या रबराचे ठोकळे आले, गाडी उंच केली, त्यामुळे वळणावर ती डुलायला लागली, आणि अमेरिकेसाठीच्या गाडीत एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर काढून झेनिथ-स्ट्रॉमबर्गचा एकच बसवला. इंजिन तेच १७९८ सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सीरिज. अण्णांनी आयुष्यभर खोललेल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. मी पहिल्यांदा बॉनेट उघडून फोटो पाठवला तेव्हा त्यांनी गाडीचं नावही विचारलं नाही. म्हणाले, “टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदल, तिथनंच गळतंय.” तिथूनच गळत होतं.

मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याकडून मी एसयू कार्बोरेटरची जुनी जोडी घेतली, मॅनिफोल्डसकट. सध्या ती डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रात पडली आहे आणि बायको तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते. बर्फ वितळला की बसवणार. अण्णांची सूचना आधीच आलीय, या वेळी फोन डावीकडून लाव, उजव्या हाताने मी झाकतो म्हणून.