सांगलीत, छोट्या खोलीत भारतीय मालगाडीचं मॉडेल खरं वाटेल असं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की वरच्या मजल्यावरची एक खोली मोकळी आहे, एचओ स्केलचा (खऱ्याच्या १:८७ मापाचा) स्टार्टर सेट आणलाय, पण गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी पळते. आपल्याकडच्या वाघिणी (मालगाडीचे डबे) आणि आपल्याकडचं स्टेशन उभं करायचंय, तर सुरुवात कुठून करू, असा तुमचा प्रश्न. मी मिरजेचा आहे, याच नादात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अख्खी रेक (सलग जोडलेली पूर्ण गाडी) करायचा विचार आधी डोक्यातून काढा. बॉक्सएन ही उघडी वाघीण कपलर ते कपलर (डबे जोडायचा आकडा) साधारण १०.७ मीटर असते. १:८७ नं भागलं की १२३ मिलिमीटर. खऱ्या रेकला अशा ५८ वाघिणी धरल्या तर तुमची गाडी सात मीटरच्या वर गेली, इंजिन आणि गार्डचा डबा वेगळाच. आठ वाघिणी करा, पण नीट करा. मालगाडी निवडलीत हे मात्र चांगलं केलंत. एलएचबीचा, म्हणजे नव्या पद्धतीचा प्रवासी डबा याच प्रमाणात २७ सेंटिमीटर होतो आणि सेटमधल्या १८ इंच त्रिज्येच्या वळणावर त्याचे कोपरे बाहेर येतात, बघवत नाही. वाघीण आखूड असल्यामुळे त्याच वळणावर गुमान फिरते.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा वाद तुमच्या कानावर येईलच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये १९ मिलिमीटरच्या थोडा पुढे. एचओचा रूळ १६.५ चा, कारण तो परदेशातल्या १४३५ च्या गेजसाठी आहे. त्यामुळे गाडी समोरून पाहिली की रूळ अरुंद वाटतो. बहुतेक जण हे चालवून घेतात, तुम्हीही घ्या. बाजूनं पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही, आणि स्वतः रूळ घालत बसलात तर वाघिणी राहूनच जातील. एक सांभाळा: ओओ स्केल १:७६ चं असतं आणि त्याच रुळावर चालतं, म्हणून दुकानदार दोन्ही एकत्रच दाखवतो. ओओचा डबा एचओच्या वाघिणीशेजारी उभा केला की दोन्ही खोटे दिसतात.

आता वजन. गाडी खेळण्यासारखी पळते ती बहुतेक वेळा हलकी असते म्हणून. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा एचओसाठी साधा हिशेब आहे: प्रत्येक डब्याला एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला आणखी अर्धा. आपल्या १२३ मिलिमीटरच्या वाघिणीला ते सुमारे ९७ ग्रॅम होतात. नुसतं प्लॅस्टिकचं खोकं याच्या जवळपासही जात नाही. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीचे तुकडे पडलेले असतात. २५ मिलिमीटर रुंद, ३ जाड आणि ९० लांब असा तुकडा सुमारे ५३ ग्रॅम भरतो. बंद वाघिणीत तो आतल्या तळाला चिकटवा, उघड्या वाघिणीत कोळशाखाली दडवा. बाकीचं वजन बोगी (डब्याखालची चाकांची फिरती चौकट), धातूची चाकं आणि सांगाडा मिळून भरून निघतं, कमी पडलं तर नट-वॉशर आहेतच. वजन तळाशी आणि दोन्ही बोग्यांवर सारखं आलं पाहिजे.

बोगी बसवताना एका बाजूचा स्क्रू इतका आवळा की बोगी फक्त वळेल, डुलणार नाही. दुसऱ्या बाजूचा अर्धा आटा सैल ठेवा, म्हणजे ती बोगी डावी-उजवी किंचित कलू शकेल. तीन पायांचं स्टूल जसं खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, तशी वाघीण वाकड्यातिकड्या रुळावर चारही बाजूंनी टेकलेली राहते. सांध्यावर गाडी उतरते अशी तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते. चाकं धातूचीच घ्या. आपल्या वाघिणीचं चाक १००० मिलिमीटरचं, म्हणजे एचओमध्ये ११.५. बाजारात सहज मिळतं ते ३६ इंची खऱ्या चाकाचं मॉडेल, १०.५ चं. एक मिलिमीटरचा फरक बोगीच्या चौकटीत लपून जातो. कपलर अमेरिकन नकल पद्धतीचे (मुठीसारखे एकमेकांत अडकणारे) घेतलेत तर आपल्या सीबीसी, म्हणजे डब्याच्या मधोमध असणाऱ्या कपलरशी चांगलेच मिळतेजुळते दिसतात.

सांगाड्यासाठी स्टायरीन शीट उत्तम, पण ते इथे मिळत नाही म्हणून कोणी अडून बसत नाही. ओळखपत्रं छापणाऱ्या दुकानात ए-४ आकाराची पीव्हीसी शीट मिळतात, त्यातून बॉक्सएनच्या बाजू छान कापल्या जातात. उभ्या पट्ट्या त्याच शीटच्या कापून फेविक्विकनं लावा. टाकीच्या वाघिणीसाठी इलेक्ट्रिशियनचा ३२ मिलिमीटरचा कंड्यूट पाइप घ्या, बीटीपीएन या टाकीच्या वाघिणीच्या जाडीला तो जवळजवळ बरोबर बसतो. थ्रीडी प्रिंटचा पर्याय आहेच, फक्त त्यावरच्या थरांच्या रेघा पॉलिश पेपरनं घासायचा कंटाळा करू नका.

रंग देऊन झाल्यावर खरी मजा सुरू होते. नवी कोरी वाघीण आपण कुठे बघतो? पण सगळ्यांना सारखीच माती फासली तरीही खोटंच वाटतं. मालधक्क्यावर उभी असलेली बॉक्सएन नीट बघा. बाहेरून ती तपकिरी असते, आतून मात्र रंग जवळजवळ उरलेलाच नसतो. माल घासून घासून पत्रा उघडा पडलेला, कुठे पोक आलेला, तळाच्या कोपऱ्यात जुन्या मालाचा चुरा. गंजाचे ओघळ उभ्या पट्टीच्या कडेनं खाली येतात, मधल्या सपाट पत्र्यावर कमी. हे करायला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अॅक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करायचं, पट्टीच्या मुळाशी टेकवायचं आणि कोरड्या ब्रशनं वरून खाली एकदाच ओढायचं. वर खडूची पूड, मग मॅट वार्निश. चकाकी राहिली की सगळी मेहनत वाया.

नंबर हा माझा आवडता विषय आहे. आपल्या वाघिणीचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे प्रकार सांगतात (उघड्या वाघिणींना १० ते २९, टाक्यांना ४० ते ४९), पुढचे दोन कोणत्या रेल्वेची ते, मध्य रेल्वे असेल तर ०१. मग बांधणीच्या वर्षाचे दोन, वाघिणीचा स्वतःचा चार आकडी क्रमांक, आणि शेवटी पडताळणीचा एक. आठही वाघिणींवर एकच स्टिकर डकवलेलं मॉडेल मी फोटोत लगेच ओळखतो. वेगळे नंबर, वेगळी वर्षं द्या, आणि जुन्या वर्षाची वाघीण जास्त मळवा.

देखाव्याला मालधक्काच घ्या. डोंगर-बोगदा सगळेच करतात, आणि पुणे-मिरज मार्गावरचा आदर्कीचा घाट करायला तुमची खोली पुरणार नाही. एक उंच फलाट, पत्र्याची शेड, बंद वाघिणीचं दोन पाखांचं दार उघडलेलं, आत पोत्यांची थप्पी, बाहेर पाठ लावून उभा ट्रक. भरलेलं पोतं या स्केलला ९ मिलिमीटरच्या आसपास होतं. एम-सीलची बारीक वळी करून तुकडे पाडा आणि ओली असतानाच एकमेकांवर रचा, म्हणजे खालची पोती वरच्यांच्या भारानं दबतात. सुकल्यावर रचलेली थप्पी विटांसारखी दिसते. दाराखाली फुटलेल्या पोत्याचा पांढरा सडा हवाच. हमाल १९ मिलिमीटरचा. सगळेच ओझं वाहताना दाखवू नका, दोघं-तिघं शेडच्या सावलीत बसलेले असू द्या.

खडी काळ्या पाषाणाची. चहाच्या गाळणीतून खाली पडते तीच घ्या, वर राहते ती स्केलला धोंड्यांएवढी होते. पातळ फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले की ते खडीत मुरतं. रुळाच्या कडा गंजाच्या रंगानं रंगवा, फक्त वरचा भाग चकचकीत ठेवा. इतक्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही. मेन लाइनचे स्लीपर सिमेंटचे, म्हणून करडे.

रुळामागे उसाचं शेत लावणार असाल तर उंची ३५ मिलिमीटर, हिरव्या रंगात बुडवून उकललेली सुतळी पुरते. शेंड्याला पांढरट तुरा दाखवलात तर मग डोंगर पावसाळ्यासारखे हिरवेगार ठेवू नका. तुरा येतो तेव्हा डोंगर पिवळे पडायला लागलेले असतात, आणि फाटकावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते.

आता चालवणं. मालगाडीला ताशी ६० धरले तर एचओमध्ये एक मीटर जायला पाच सेकंद लागले पाहिजेत. यार्डात ताशी १५ नं हलवताना तेच अंतर २१ सेकंदांत. मोबाइलवर वेळ लावून बघा, सुरुवातीला आपण किती पिटाळतो ते कळतं.

गोल गोल फिरवण्यापेक्षा सहा फूट बाय एक फूट प्लायवर तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ) टाका. एकात पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि शंटिंगच्या (डबे पुढे-मागे करून लावायच्या) रुळावर इंजिन अधिक तीन. ही जुनी ब्रिटिश कोड्याची रचना आहे, इंगलनूक म्हणतात. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच काढायच्या, आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. क्रम ६७२० निघतात, तेव्हा कंटाळा यायची भीती नाही. फक्त आजच्या रेल्वेत अशी सुटी वाघीण फारशी हलत नाही, अख्खी रेक येते आणि अख्खी जाते. म्हणून कारण खरं द्या. एखादी वाघीण सिक (नादुरुस्त) झाली, ती मधूनच काढून बाजूला लावायची. किंवा धक्का आखूड आहे म्हणून रेक दोन तुकड्यांत लावायची.

हात बसला की आपल्या भागातले दोन विषय तुमची वाट बघतायत. एक, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी. पहिल्या खेपेला दहाच टाक्या होत्या, पुढे पन्नास झाल्या. दहा टाक्या एचओमध्ये दीड मीटरच्या आत बसतात, म्हणजे छोट्या खोलीत पूर्ण मापात बसणारी ही दुर्मिळ गाडी. दुसरा, बार्शी लाइट रेल्वे. ७६२ मिलिमीटरचा गेज, १८९७ साली सुरू झाली, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, हे तिचं सूत्र. १:८७ मध्ये तिचा गेज ८.८ मिलिमीटर होतो आणि एन या लहान स्केलचा ९ चा रूळ तयार मिळतो, म्हणजे इथे गेजचा वाद जवळजवळ मिटतोच. १९७१ मध्ये पुणे मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर काही वर्षं मिरजेत ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते. तो काळ कोणी मॉडेलमध्ये केला तर मी स्वतः बघायला येईन.

खोली वरच्या मजल्यावर आहे ते उत्तम, २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला कारण सांगायला नको. पत्र्याचं छत असेल तर उन्हाळ्यात रूळ फुगतात, जोडांमध्ये बारीक फट ठेवा. चाकं आणि कपलर आजच मागवा, यायला वेळ लागतो. तोवर मालधक्क्याबाहेरच्या रस्त्यावरून वाघिणी बघून घ्या. आत जाऊन फोटो काढायचे असतील तर तिथल्या बाबूंना आधी विचारा. मापांत कुठे अडलात तर वाघिणीचा प्रकार लिहा, मी मिलिमीटरमध्ये काढून देतो.