ज्यूसमधलं व्हिटॅमिन सी घरी मोजायचंय? आधी गोळीपासून सुरू कर

अरे, डायरेक्ट ज्यूसमध्ये आयोडीन ओतू नकोस, व्हिटॅमिन सी आयोडीन खातं, म्हणून ते किती थेंब खातं ते मोजायचं; पण नुसते थेंब मोजून काहीच कळत नाही, तुलनेला काहीतरी लागतंच. ५०० मिग्रॅची व्हिटॅमिन सीची गोळी कुटून ५०० मिली पाण्यात विरघळव, म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ झालं. चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात उकळून गार कर, हे झालं स्टार्चचं पाणी. मग त्या गोळीच्या पाण्यातलं २० मिली घे, स्टार्चचे थोडे थेंब टाक आणि पातळ केलेलं आयोडीन ड्रॉपरने थेंब थेंब सोडत हलवत राहा, निळा-काळा रंग येऊन १५-२० सेकंद टिकला की थांब. समजा ४० थेंब लागले, म्हणजे २० मिग्रॅला ४० थेंब, आणि तेवढ्याच ज्यूसला १६, तर २० मिलीत ८ मिग्रॅ, म्हणजे १०० मिलीत ४०. सोप्पंय!

मी सुरुवातीला घाईत पहिली निळी झाक दिसली की थांबायचो, सगळे आकडे कमी यायचे. प्रत्येक ज्यूस तीनदा कर, ड्रॉपर आणि आयोडीन तेच ठेव. ज्यूस गाळलेला, ताजा हवा. गडद लाल-जांभळ्या ज्यूसच्या नादी आत्ता लागूच नकोस, रंग दिसतच नाही. पॅकवाल्या ज्यूसमध्ये सल्फाइट (ज्यूस टिकवायला घालतात ते) असेल तर तेही आयोडीन खातं, आकडा उगाच वाढतो. आणि हो, टेस्ट केलेलं पिऊ नकोस बाबा.