गरुड तीन लाख झाले, मग घरटी कशाला मोजत बसायची?

ताई, तुम्ही विचारलंत की न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका तलावावर बाल्ड ईगलचं, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाचं, घरटं दिसलंय, तिथे घरट्यांच्या नोंदी ठेवणारी व्हॉलंटियर म्हणून नाव द्यायचा विचार आहे, पण मिस्टर म्हणतात की देशात तीन लाखांवर गरुड झाले, 2007 सालीच धोक्याच्या यादीतून नाव निघालं, आता मोजून काय करणार. मी तुमच्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात, फिंगर लेक्स नावाच्या तलावांच्या बाजूला, अकरा वर्षं एकाच घरट्यावर स्कोप लावून बसतोय, त्यामुळे उत्तर लांबणारे, चहा घेऊन बसा.

मिस्टरांचा आकडा बरोबर आहे. 2018-19 च्या सीझनचा अंदाज 3,16,700 पक्षी आणि 71,467 राहती घरटी, अलास्का सोडून. पण हे तीन लाख कोणी एकेक करून मोजले नाहीयेत. विमानातून आधी माहितीतली घरटी तपासली, मग नकाशावर रँडम चौकोन टाकून तिथे उडत गेले आणि आपल्या यादीत नसलेली किती सापडतात ते बघितलं, जिथे विमान गेलं नाही तिथे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरच्या लोकांच्या नोंदी वापरल्या, आणि घरट्यांवरून पक्ष्यांचा आकडा काढायला दर घरट्यामागे किती पिल्लं उडतात, किती जगतात हे दर लागले. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर मिस्टर मोजणी बंद करा म्हणतात तो आकडाच कोणीतरी थंडीत बसून मोजलंय म्हणून आलाय!

आमच्या राज्यात काय झालं ते ऐका. सत्तरच्या दशकात इथे जेमतेम एक जोडी उरली होती, हेमलॉक लेकवर, आणि तीही अंडी घालायची पण पिल्लं निघायची नाहीत. डीडीटी हे कीटकनाशक माशांत, मासे गरुडाच्या पोटात, आणि अंड्याचं कवच इतकं पातळ की उबवायला बसलं की तडकायचं. 1972 ला डीडीटीवर बंदी आली, पण नुसत्या बंदीनं काय होणार, जोडीच एक. मग 1976 मध्ये मॉन्टेझुमाच्या पाणथळीत मचाण बांधून दुसऱ्या राज्यांतून आणलेली पिल्लं त्यावर ठेवली. कॉर्नेल विद्यापीठाची टीना मॉरिस नावाची विद्यार्थिनी ते काम बघत होती, पिल्लांना माणूस दिसू न देता खायला घालायचं, नाहीतर ती माणसाला आई समजून बसतात. 1988 पर्यंत अशी 198 पिल्लं सोडली, नंतरची बरीचशी अलास्काहून आणलेली. 2010 पर्यंत राज्यात 173 जोड्या झाल्या होत्या आणि त्या वर्षी 244 पिल्लं उडाली.

आता तो 244 चा आकडा 173 नं भागा, जोडीमागे 1.4 पिल्लं येतात. या धंद्यात ढोबळ हिशोब असा आहे की राहत्या घरट्यामागे साधारण 0.7 पिल्लं उडाली की संख्या जागेवर टिकते. म्हणजे आपण दुप्पट चांगले. पण हा भागाकार खरा यायला खालचा आकडा, म्हणजे जोड्यांचा, खरा हवा, आणि गडबड तिथेच होते.

समजा तुम्ही मे महिन्यात पहिल्यांदा गेलात, घरट्यात दोन पिल्लं दिसली, फोटो काढला, नोंद केली, छान. पण त्याच तलावाच्या पलीकडे दुसरी जोडी असेल, तिनं फेब्रुवारीत फांद्या आणल्या, मार्चमध्ये अंडी घातली, एप्रिलच्या वादळात सगळं गेलं, तर मे महिन्यात तिथे कोणी दिसणारच नाही, आणि ती जोडी हिशोबातच येणार नाही. असं चार जणांनी केलं की फक्त पास झालेल्यांची यादी राहते आणि निकाल शंभर टक्के लागतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चची फेरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तेव्हाच कोणाला यायचं नसतं कारण बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सुरुवातीला जोडी दिसली की घरटं 'राहतं', पक्षी अंड्यावर बसलेला दिसला की 'अ‍ॅक्टिव्ह', आणि पिल्लू उडायच्या बेताला आलं, म्हणजे साधारण आठ आठवड्यांचं झालं, की 'यशस्वी'. अंडी उबवायला 35 दिवस, मग उडायला आणखी दहा-बारा आठवडे, आमच्याकडे बहुतेक जूनअखेर-जुलै उजाडतो.

माझ्या पहिल्या वर्षी मीच माती खाल्ली होती. मार्चमध्ये दोन वेळा गेलो, वीस-वीस मिनिटं बघितलं, घरट्यात काही हलेना, ठोकून दिलं 'सोडून दिलेलं'. तिसऱ्या खेपेला एक अनुभवी आजोबा बरोबर होते, ते म्हणाले बस गप्प तासभर. पन्नासाव्या मिनिटाला मादी उठली, अंडी फिरवली आणि परत खाली बसली, काठावरून फक्त डोक्याचा पांढरा ठिपका दिसत होता. घरटं इतकं खोल असतं की अख्खा पक्षी त्यात गडप होतो. तेव्हापासून मी तासाच्या आत नोंद करत नाही. आणि काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असंच लिहितो, किती वेळ बसलो, धुकं होतं का, हे पण लिहितो. रिकाम्या नोंदी लोक टाकतच नाहीत, वाटतं काय सांगायचं यात. अहो तेच तर हवं असतं.

जानेवारीतली हिवाळी मोजणी वेगळी, त्यात गोंधळू नका. ठरलेला रूट, ठरलेले दोन आठवडे, दरवर्षी तेच, देशभर 1979 पासून चालू आहे. पण हिवाळ्यात डेलावेअर आणि हडसनवर दिसणारे पुष्कळ गरुड कॅनडातून आलेले असतात, ट्रान्समीटर लावल्यावर ते क्युबेककडे परत जाताना दिसलेत. त्यामुळे जानेवारीचा आकडा फुगला म्हणजे आपल्या राज्यातली घरटी वाढली असं नाही. आणि काळपट चट्ट्यापट्ट्यांचे पक्षी सोडू नका, पाच वर्षांचा होईपर्यंत डोकं पांढरं होत नाही, नवखे लोक त्यांना गोल्डन ईगल लिहून मोकळे होतात.

बरं, संख्या वाढतेय तर काळजी कसली? शिसं. कॉर्नेलवाल्यांनी ईशान्येकडच्या सात राज्यांतल्या 1990 ते 2018 च्या मेलेल्या गरुडांचा अभ्यास केला, त्यात निघालं की शिशामुळे गरुडांची संख्या वाढायचा वेग माद्यांत सुमारे 4 आणि नरांत सुमारे 6 टक्क्यांनी कमी झालाय. हरणाची शिकार झाली की शिकारी कोथळा जंगलात टाकून येतो, त्यात शिशाच्या गोळीचा चुरा, गरुड फुकटचं जेवण सोडत नाही. संख्या तरीही वाढतेय, म्हणून कोणाला दिसत नाही. पण उद्या बर्ड फ्लूसारखं एखादं वर्ष आलं तर झेलायची ताकद तेवढी कमी. गिधाडांचं आपल्याकडे भारतात डायक्लोफेनॅकनं, म्हणजे गुरांना देत त्या वेदनाशामक औषधानं, काय झालं ते आठवा, लोकांच्या लक्षात आलं तेव्हा आकाश रिकामं झालं होतं. म्हणून माझं मत विचाराल तर आता गरुड सांभाळायचा म्हणजे माणसं सांभाळायची. आमच्या गल्लीतल्या दोन शिकाऱ्यांना मी तांब्याची गोळी वापरायला पटवलंय, एकाला तीन वर्षं लागली, लेक्चर देऊन नाही, त्याच्याकडे जेवायला जाऊन.

तसा मॉन्टेझुमाहून 1977 ला सोडलेला एक नर पुढे हेमलॉक लेकवरच घरटं करून राहिला, 2015 मध्ये रॉचेस्टरजवळ गाडीखाली मेला तेव्हा 38 वर्षांचा होता. पायात नंबराची कडी होती म्हणून कळलं. त्याच्याजवळच एक मेलेला ससा पडलेला होता, बहुतेक तोच उचलायला रस्त्यावर उतरला असणार.

आता तुमच्यासाठी कामाचं. पायी असाल तरी घरट्यापासून निदान 330 फूट लांब राहा, मी दुप्पट धरतो. पक्षी मान वर करून तुमच्याकडेच बघायला लागला की तुम्ही जवळ गेलात, मागे सरका. ड्रोन अजिबात नाही. घरट्याचं लोकेशन फेसबुकवर नको, पुढच्या रविवारी तिथे चाळीस कॅमेरे उभे राहतात. खाली पडलेलं पीस मुलांना उचलू देऊ नका, सापडलेलं पीस ठेवणंही इथे कायद्यानं गुन्हा आहे. नाव द्यायला राज्याच्या वन्यजीव खात्याला ईमेल करा, घरटं त्यांच्या यादीत आधीच असेल तर वाईट वाटून घेऊ नका, जुन्या घरट्यावर पण माणूस कमीच असतो.

आणि मिस्टरांना जानेवारीत एकदा आमच्या न्यूयॉर्क राज्यातल्या मॉनगॉप नदीवरच्या धरणांकडे घेऊन जा, तिथे गरुड बघायला आडोसा बांधलेला आहे. पाणी गोठलं नसेल त्या बाजूला बघा. थर्मासमध्ये चहा दोघांपुरता नको, जास्त घ्या, आडोशात कोणी ना कोणी कुडकुडत बसलेलं असतंच.